आधी अर्थिंग, मग डबी



मृगाच्या तोंडावर पहिला गडगडाट होतो आणि गावातले चार टीव्ही, एखादा फ्रीज, कुणाच्या तरी मोटरचा स्टार्टर जातो. आपण कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "वीज पडली, नशीब!" आमचे म्हणणे असे की यात नशीब थोडे आणि हलगर्जी जास्त आहे. काही आपली, बरीचशी वीज कंपनीची.

वीज घरावर पडावी लागत नाही. लांब शिवारात पडली तरी तारेत हजारो व्होल्टचा झटका उठतो आणि सेकंदाच्या दशलक्षांश भागांत घरात शिरतो. एमसीबी तेवढ्या वेळात हलतही नाही, स्टॅबिलायझरलाही ते जमत नाही. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर लागतो. ही डबी झटका अडवत नाही, जमिनीत वळवते. जमिनीकडे जायची वाटच नसेल, तर डबी कितीही महाग असो, ती शोभेची.

म्हणून पहिला खर्च अर्थिंगचा. आपली काळी जमीन ओली असते तेव्हा वीज चांगली वाहून नेते. पण चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, माती पाइपाला सोडते. मुरमाड माळावर तर ओल टिकतच नाही. म्हणजे वळवाच्या गडगडाटात गरज सगळ्यात जास्त, तेव्हाच अर्थिंग सगळ्यात दुबळे. खड्डा मीटरजवळ घ्या, पाइपाभोवती कोळसा-मीठ भरा आणि उन्हाळाभर त्यात पाणी ओतत राहा. न्यूट्रलची तार अर्थिंग म्हणून जोडण्याचा आचरटपणा कोणी करू नये, त्यात माणूस मरतो.

मग डबी. घरासाठी मीटरनंतरच्या मुख्य बोर्डात बसणारी 'टाइप २' घ्या. तिच्यावर आयईसी ६१६४३ हा मानकाचा आकडा पाहा. २७५ आणि ३२० व्होल्ट अशा दोन्ही मिळतात. आपल्याकडे रात्री भार उतरला की व्होल्टेज चढते, म्हणून ३२० ची बरी. जोडणीची तार अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, कारण झटक्यात मीटरभर तारेवरच हजारभर व्होल्ट उभे राहू शकतात. खिडकी हिरवीची लाल झाली की डबी संपली, बदला. 'वीजबिल अर्धे करते' म्हणून बाजारात विकली जाते ती डबी ही नव्हे, तिला पैसे घालू नका.

या डबीच्या मर्यादाही ओळखा. डीपीवर न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट घरात येतात, तेही मिनिटामिनिटांनी. तिथे डबी स्वतःच जळते. त्यासाठी व्होल्टेज वाढले-घटले की पुरवठा तोडणारा रिले वेगळा, मोटरसाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर वेगळा. माणसाला शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तर आणखी वेगळा. एवढ्याला पैसे नसतील तर बिनपैशाचा उपाय आहे: आभाळ गरजायच्या आधी प्लग उपटून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र स्टार्टरपाशी जाऊ नका.

आता मुद्द्याचे. हा सगळा खर्च कोरडवाहू शेतकऱ्यानेच का सोसायचा? आपल्या कापसात ओल ८ टक्क्यांवर गेली की सीसीआय भाव कापते, १२ च्या वर गेली की घेतच नाही. आमचा माल असा टक्क्याने मोजला जातो. मग त्यांचा माल? नियामक आयोगाच्या मानकांप्रमाणे घरातले व्होल्टेज ६ टक्क्यांपेक्षा जास्त हलता कामा नये, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या आत. खराब कापसाचा भाव कापता, तर खराब विजेचे बिल कोण कापणार?

झटका अडवायची पहिली जागा आपले घर नाही, डीपी आहे. तिथले लायटनिंग अरेस्टर एकदा फुटले की वर्षानुवर्षे तसेच लोंबतात. अर्थिंगची पट्टी चोरीला गेलेली असते, किटकॅटमध्ये फ्यूजऐवजी जाड तार असते. हे दुरुस्त करणे कंपनीचे काम आहे. आपल्यापैकी कोणी डीपीवर चढू नये. खालूनच पाहा, लिहा आणि लेखी द्या.

अर्ज दिला की पोच घ्या. जळालेल्या वस्तूचे दुरुस्तीचे बिल जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो, एका डीपीवरच्या तीस जणांच्या सह्यांचा अर्ज टेबलावर राहतो.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने यादी आणावी: डीपी किती, अरेस्टर शाबूत किती, अर्थिंग कुठे आहे, कुठे नाही. दारातला खड्डा आपण खणू. डीपीचा खड्डा त्यांनी खणावा.