जगज्जेत्याच्या खाजगी आयुष्याची मालकी

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांत एक मत फार दृढमूल झालेले आहे, आणि ते बाळगणाऱ्यांपैकी पुष्कळजण त्या समाजाचे खरेखुरे हितचिंतक असल्यामुळेच त्याची छाननी करणे अगत्याचे आहे. ते मत असे की, जॅक जॉन्सन 1908 साली जगज्जेता झाला हे खरे, परंतु गोऱ्या स्त्रियांशी लग्ने लावून, उंची मोटारी बेफाम हाकून आणि हतबल प्रतिस्पर्ध्यापुढे सोन्याचे दात दाखवीत हसून त्याने गोऱ्या समाजाला नाहक डिवचले. त्याचे प्रायश्चित्त त्याच्या सबंध समाजाला भोगावे लागले, आणि 1915 साली त्याचे पद गेल्यापासून पुढे बावीस वर्षे एकाही काळ्या मल्लाला हेवीवेट अजिंक्यपदासाठी लढण्याची संधी मिळाली नाही. ती पुन्हा मिळाली ती जो लुईला, आणि तीही त्याच्या विनयामुळे व संयमामुळे. सबब, पददलित समाजातून वर आलेला विजेता हा त्या समाजाचा विश्वस्त होय आणि विश्वस्ताने स्वतःच्या आवडीनिवडी समाजहिताच्या खाली ठेवल्या पाहिजेत, असा या पूर्वपक्षाचा निष्कर्ष आहे.

हा युक्तिवाद ज्या कार्यकारणभावावर उभा आहे तो तारखांच्या कसोटीस उतरत नाही. जॉन्सन रिंगणात येण्यापूर्वीच तेव्हाचा जगज्जेता जॉन एल. सलिव्हन याने काळ्यांशी लढण्याचे साफ नाकारले होते, आणि पीटर जॅक्सनसारख्या सभ्य, मितभाषी व सर्वमान्य योद्ध्याला त्या सभ्यतेच्या बदल्यात सलिव्हनसमोर उभे राहण्याचा हक्कदेखील मिळाला नव्हता. पुढे जिम जेफ्रीज या गोऱ्या विजेत्याने तोच दंडक चालविला आणि 1905 साली तो अजिंक्य राहून निवृत्त झाला. टॉमी बर्न्स या कॅनडावासी विजेत्याला गाठण्यासाठी जॉन्सनला इंग्लंड व तेथून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा पाठलाग करावा लागला, आणि अखेरीस 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत लढत ठरली तेव्हा बर्न्सला 30,000 डॉलर व जॉन्सनला 5,000 डॉलर असा करार झाला. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबविली, चित्रीकरणही थांबविण्यात आले, कारण काळ्या माणसाच्या हातून गोरा माणूस पूर्ण आडवा होतो हे दृश्य जगाला दिसू द्यावयाचे नव्हते. त्या लढतीचे वृत्त लिहिणाऱ्या जॅक लंडन या ख्यातनाम कादंबरीकाराने जेफ्रीजला शेतावरून परत बोलावण्याची हाक दिली. त्या घटकेस एट्टा ड्युरिया या गोऱ्या स्त्रीशी जॉन्सनचे लग्न झालेले नव्हते. ते 1911 च्या जानेवारीत झाले.

मधल्या काळात 4 जुलै 1910 रोजी नेवाडा प्रांतातील रेनो येथे जी लढत झाली तिच्याकडे तर या दृष्टीने फारच बारकाईने पाहिले पाहिजे. पाच वर्षे रिंगणाबाहेर राहून अंगावर चढलेले कितीतरी मांस प्रयासाने उतरविलेला जेफ्रीज तेथे उभा राहिला तो पैशासाठीही होता, परंतु गोरा मनुष्य काळ्यापेक्षा श्रेष्ठ असतो हे सिद्ध करण्यासाठी आपण लढत आहोत असे त्याने उघडपणे सांगितले होते. भर उन्हात पंधरा फेऱ्यांपर्यंत ती लढत चालली. जॉन्सन त्याला रोखून धरीत, त्याच्याशी व कठड्याजवळ बसलेल्या त्याच्या साहाय्यकांशी बोलत, उसंत घेत लढत होता, आणि जो जेफ्रीज पूर्वी कधीही खाली पडला नव्हता तो पंधराव्या फेरीत पुन्हा पुन्हा पडला. आपल्या भरभराटीच्या काळातही आपण या माणसाला हरवू शकलो नसतो अशी कबुली नंतर खुद्द जेफ्रीजने दिली, आणि ती त्याच्या नावे जमा केली पाहिजे. देशाने मात्र तो मोठेपणा दाखविला नाही. त्याच रात्री गावोगाव दंगली उसळल्या, मारले गेलेल्यांत बहुतेक काळेच होते, आणि त्यांतील कित्येकांचा अपराध एवढाच की त्यांनी आनंद व्यक्त केला. कोणत्या विवाहामुळे ही माणसे मेली, असा प्रश्न पूर्वपक्षाला विचारला पाहिजे. नगरोनगरी त्या लढतीच्या चित्रपटावर बंदी आली, आणि 1912 साली तर मुष्टियुद्धांचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदाच काँग्रेसने संमत केला. तेव्हा क्रोध अगोदर होता. विवाहाने त्याला फक्त निमित्त पुरविले.

आता खटल्याविषयी. 1910 साली संमत झालेल्या मॅन कायद्याचा हेतू स्त्रियांना फसवून वेश्याव्यवसायासाठी परराज्यात नेणाऱ्या दलालांना आळा घालण्याचा होता, परंतु त्यात ‘अनैतिक हेतू’ अशा अर्थाचे शब्द इतके सैल घातले होते की सरकारी वकिलाला त्यांतून हवा तो मनुष्य ओढून काढता यावा. एट्टाने 1912 च्या सप्टेंबरात आत्महत्या केल्यानंतर ऑक्टोबरात जॉन्सनला प्रथम अटक झाली ती लुसील कॅमेरॉन या तरुणीच्या आईच्या फिर्यादीवरून. लुसीलने साक्ष देण्याचे नाकारले आणि डिसेंबरात तिने जॉन्सनशीच लग्न केले. फिर्याद तेथे संपावयास हवी होती. परंतु सरकारने बेल श्राइबर नावाची त्याची पूर्वीची एक सहचरी शोधून काढली, जुने प्रवास उकरले, आणि 1913 साली शिकागोच्या न्यायालयात गोऱ्या ज्यूरीकडून त्याला दोषी ठरवून घेतले. शिक्षा एक वर्ष एक दिवस कैद. या निकालातून मिश्रविवाहास बंदी करणाऱ्या कायद्यांची नांदी होईल, अशी आशा सरकारी पक्षाच्या वकिलाने निकालानंतर बोलून दाखविली. खटला कशावर चालला होता हे याहून स्पष्ट शब्दांत बचावाचा वकीलही सांगू शकला नसता. लुसीलशी लग्न झाल्यावर त्याच महिन्यात जॉर्जियाचे प्रतिनिधी सीबोर्न रॉडनबेरी यांनी काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला राज्यघटनेनेच मनाई करावी असा ठराव काँग्रेसमध्ये मांडला होता.

येथे एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. जॉन्सन साधुपुरुष नव्हता. एट्टाला त्याने मारहाण केली होती, आणि तिच्या आयुष्याच्या शोकान्तात त्याचा वाटा होता असे मानण्यास जागा आहे. परंतु पाहण्याजोगी गोष्ट ही की, त्या मारहाणीबद्दल त्याच्यावर सरकारने खटला भरला नाही. स्त्रीला झालेली इजा हा दखलपात्र विषय कोणालाच वाटला नाही. स्त्री गोरी होती व ती स्वेच्छेने त्याच्यासोबत होती, हा विषय मात्र सरकारी खजिन्यातून खर्च करण्याइतका महत्त्वाचा ठरला. जे लोक आज जॉन्सनच्या दुर्वर्तनाकडे बोट दाखवून त्या खटल्याचे अर्धेमुर्धे समर्थन करतात ते एट्टाची बाजू घेत नाहीत. तिच्या दुःखाचा ते पुरावा म्हणून वापर करतात, तोही भलत्याच गुन्ह्याच्या शाबितीसाठी.

पूर्वपक्षाचा सगळ्यात भक्कम आधार जो लुई आहे, आणि म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. त्याचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो व ज्युलियन ब्लॅक हे दोघेही काळे होते, जॉन्सनची दुर्दशा त्यांनी पाहिली होती, आणि या पोराला वर न्यावयाचे तर कोणती किंमत मोजावी लागेल याचा त्यांना पक्का अंदाज होता. त्यांनी त्याला ताकीद दिली: गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढू द्यावयाचे नाही, एकट्याने नाइटक्लबात जावयाचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापाशी आनंद दाखवावयाचा नाही, छायाचित्रकारापुढे चेहरा कोरा ठेवावयाचा. लुईने हे सारे पाळले. 1937 साली तो जगज्जेता झाला, 22 जून 1938 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जर्मनीच्या माक्स श्मेलिंगला त्याने पहिल्याच फेरीत गारद केले, आणि तेवढ्या रात्रीपुरता तो सबंध अमेरिकेचा प्रतिनिधी झाला. अमेरिका महायुद्धात उतरताच 1942 साली एका लढतीची कमाई त्याने नौदलाच्या मदतनिधीला दिली, ज्या नौदलात काळ्या माणसाला त्या वेळी वाढप्याच्या व हमालीच्या कामापलीकडे फारसे काही करू दिले जात नव्हते. नंतर तो स्वतः सैन्यात दाखल झाला आणि दुसऱ्या लढतीची कमाई त्याने लष्कराच्या निधीला दिली. आता 1944 साल पाहावे. अलाबामातील कॅम्प सायबर्ट या लष्करी छावणीत सार्जंट जो लुई आणि त्याचा मित्र शुगर रे रॉबिन्सन बसथांब्यावर उभे होते. गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेवरून हटून काळ्यांच्या बाकाकडे जाण्याचा हुकूम लष्करी पोलिसाने केला, त्यांनी नकार दिला, बाचाबाची झाली आणि दोघांनाही पकडून नेण्यात आले. ज्याने देशासाठी आपले मौन, आपले हसू आणि आपली मिळकत दिली होती त्याला त्या देशाने बसायला एक बाक दिला नाही. पुढे करखात्याचा तगादा त्याच्या पाठीशी इतका लागला की निवृत्तीनंतर त्याला पुन्हा रिंगणात उतरावे लागले, आणि उतारवयात लास व्हेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी पत्करावी लागली. लुईच्या संयमाबद्दल मला नितांत आदर आहे, कारण तो भित्रेपणा नव्हता. पण त्या संयमाने बक्षीस मिळते हा पूर्वपक्षाचा दावा त्याच्याच चरित्राने खोटा पाडला आहे. पुढच्या पिढीतला जगज्जेता फ्लॉइड पॅटर्सन तर लुईहून मवाळ, दोन्ही समाजांनी एकत्र राहावे या मताचा; त्याने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले तेव्हा शेजाऱ्याने मध्ये कुंपण घातले.

मालकीचा हा दावा फक्त गोऱ्यांनी केला असे नाही, आणि हे सांगितल्याशिवाय खंडन प्रामाणिक होणार नाही. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1912 साली जाहीर केले की जॉन्सनच्या वर्तनाने त्याच्या समाजाचेच नुकसान होत आहे. त्यांची भीती मी समजू शकतो. ज्याच्या शाळेचा दाणागोटा गोऱ्या देणगीदारांच्या मर्जीवर चालतो त्याला दंगलीचा वास लवकर येतो. तरीही कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी ‘क्रायसिस’ मासिकातून घेतलेली भूमिका मला अधिक खोल वाटते. मुष्टियुद्धाचे प्रेम त्यांनाही नव्हते, पण एवढा गहजब कशासाठी याचे उत्तर त्यांनी एकाच गोष्टीत शोधले, ते त्या माणसाच्या काळेपणात. आणि विवाहबंदीच्या कायद्यांना विरोध करताना त्यांनी स्त्री-पुरुषांच्या स्वेच्छेचा हक्क सोडला नाही. पुढे मुहम्मद अलीने याच्या उलट टोकाची निवड केली. त्याने मिश्रविवाहाचा निषेध केला, नवा धर्म व नवे नाव घेतले, 28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टन येथे सैन्यात भरती होण्यास नकार दिला, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडामंडळाने त्याचा परवाना काढून घेतला. जॉन्सनने गोऱ्या स्त्रीला वरले म्हणून, अलीने गोऱ्यांपासून दूर राहण्याचे ठरविले म्हणून. दोघांनाही शासन एकाच कारणासाठी झाले, की त्यांनी स्वतः निवडले. आणि त्याच अलीने आपला काळा प्रतिस्पर्धी जो फ्रेझियर याला, ज्याने बंदीच्या दिवसांत त्याला मदत केली होती, त्या दक्षिण कॅरोलायनातील कष्टकऱ्याच्या मुलाला गोऱ्यांचा गुलाम म्हणून जाहीररीत्या हिणविले. अलीच्या कीर्तीवरचा हा डाग मला अजूनही बोचतो, कारण खरा काळा कोण याची सनद वाटण्याचा अधिकार त्याने त्या वेळी स्वतःकडे घेतला.

मराठी वाचकाला हा कज्जा परका वाटू नये. जॉन्सनला शिक्षा झाली त्याच वर्षी, जुलै 1913 मध्ये, भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी पोहोचले, आणि जातिसंस्थेवरील खरा उपाय मिश्रविवाह हाच होय असे त्यांनी 1936 साली निःसंदिग्धपणे मांडले. जॉर्जियाच्या प्रतिनिधीलाही नेमके हेच समजले होते. म्हणूनच त्याला विवाहच बंद करावयाचा होता.

मग विजेता कोणालाच जबाबदार नाही काय? आहे, आणि पुरता आहे. जगज्जेता झाल्यावर जॉन्सनने सॅम लँगफर्डसारख्या लायक काळ्या प्रतिस्पर्ध्याला पदासाठी लढण्याची संधी नाकारली. स्वतः ज्या दारापुढे वर्षानुवर्षे ताटकळला ते दार त्याने स्वतःच्याच लोकांसाठी लावून घेतले, आणि याचा जाब त्याला विचारलाच पाहिजे, कारण तो त्या पदाचा व्यवहार होता. एट्टाविषयीचा जाबही त्याच्याकडे होता, तो एट्टाचा होता. परंतु कोणाशी संसार करावा, कोणत्या देवाची प्रार्थना करावी, जिंकल्यावर हसावे की चेहरा कोरा ठेवावा, या बाबतींत त्याचा मुखत्यार गोरा समाज नाही, काळा समाज नाही, आणि आपण दूरचे वाचकही नाही.

24 मे 2018 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जॉन्सनला मरणोत्तर क्षमा दिली, तेव्हा एक जुने देणे फिटले असे पुष्कळांना वाटले. मला तसे वाटत नाही. सैन्यभरती नाकारल्याबद्दल अलीला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 28 जून 1971 रोजी रद्द केली होती. म्हणून, जॉन्सननंतर काही दिवसांतच अलीलाही क्षमा देण्याची भाषा सुरू झाली तेव्हा, अलीच्या वकिलाने आदरपूर्वक कळविले की दोषच शिल्लक नसल्यामुळे क्षमेचे प्रयोजन नाही. जॉन्सनच्या वतीने असे उत्तर देता येत नाही. शिकागोच्या न्यायालयाचा 1913 चा निर्णय कोणत्याही वरिष्ठ न्यायासनाने चुकीचा म्हणून पूर्णपणे पुसलेला नाही. त्यावर केवळ मेहेरबानीचा शिक्का उमटला आहे.