महाविद्यालयीन वार्षिकांकाचे दृश्यरूप आणि मराठी विभागाची जबाबदारी

महाविद्यालयीन वार्षिकांकांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, ते प्रामुख्याने त्यांतील साहित्याच्या गुणवत्तेविषयी असते. नवोदित लेखकांची पहिली प्रयोगभूमी म्हणून वार्षिकांकाचा गौरव होतो, किंवा विद्यार्थ्यांचे वाचन तोकडे पडू लागल्याची खंत त्या निमित्ताने व्यक्त केली जाते. परंतु वार्षिकांक ही एक मुद्रित वस्तूही असते. अक्षरांची वळणे, ओळींमधील अंतर, समास, चित्रे आणि कोरी जागा यांतून तिचे रूप घडते आणि वाचकाच्या मनावर पहिला संस्कार हे रूपच करते. या अंगाचा विचार मराठी विभागांतून अभावानेच होतो. वार्षिकांकाची दृश्य संकल्पना ठरविणे हे संपादनाचेच काम असून मराठी विभागाने ते आपल्या अध्यापनाच्या कक्षेत घेतले पाहिजे, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडावयाची आहे.

प्रथम आजची रीत पाहू. पुण्यातील बहुतेक महाविद्यालयांत वार्षिकांकाचे काम सूचनाफलकापासून सुरू होते. विद्यार्थ्यांकडून साहित्य मागविले जाते. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत अशा विभागांत त्याची वाटणी होते. विभागसंपादक प्राध्यापक निवड करतात. आणि मजकुराची चळत एखाद्या पेठेतील डीटीपी केंद्राकडे रवाना होते. मुखपृष्ठाचा विचार सर्वांत शेवटी होतो. तोवर मुद्रणाची मुदत जवळ आलेली असते आणि संगणकातील तयार नमुन्यांपैकी एखादा निवडून काम उरकले जाते. उगवता सूर्य, उघडलेले पुस्तक, शाईची दौत आणि पदवीदान समारंभाची टोपी या चार चित्रांवर किती अंक निघाले असतील, याची गणना कोणीतरी करावयास हवी. अलीकडे त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून क्षणार्धात काढून घेतलेल्या गुळगुळीत चित्रांची भर पडली आहे.

याहून गंभीर बाब आतील पानांची आहे. १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद स्थापन झाल्यानंतर महाविद्यालयांना आपल्या कार्याची कागदोपत्री नोंद ठेवणे हळूहळू अपरिहार्य होत गेले. त्यात गैर काही नाही. मात्र ही नोंद करण्याची सोयीस्कर जागा म्हणून वार्षिकांकाकडे पाहिले जाऊ लागले. शुभसंदेश, समित्यांचे अहवाल, मान्यवरांच्या भेटींची छायाचित्रे यांनी आरंभीचे रंगीत फर्मे व्यापले आणि विद्यार्थ्यांच्या कथा-कविता मागील कृष्णधवल पानांवर गेल्या. या साऱ्याला आता 'ब्रँडिंग' असा शब्द रूढ झाला आहे. संस्थेचे बोधचिन्ह पानापानांवर उमटते, विद्यार्थ्यांची ओळख मात्र कोठेच उमटत नाही. ज्याच्या नावाने अंक निघतो, तोच त्या अंकात पाहुणा ठरावा, ही स्थिती साहित्याच्या अध्यापकाला अस्वस्थ करणारी आहे.

साहित्य आणि त्याचे दृश्यरूप यांची ही फारकत पुण्याच्या परंपरेला धरून नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. १८७८ मध्ये चित्रशाळेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल स्थापन झाले आणि १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. अवघ्या सात वर्षांच्या या कालखंडात नियतकालिक, चित्रमुद्रण, शाळा आणि वृत्तपत्र यांचा विचार एकाच वर्तुळातील माणसे करीत होती. शिळाप्रेसवर छापलेल्या चित्रांनी घरोघरच्या भिंतींवर जे केले, तेच गद्याने वाचकाच्या मनात करावे, अशी त्यामागील दृष्टी असावी असे मानावयास हरकत नाही. पुढे लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात स्वतः लक्ष घातले. जोडाक्षरांमुळे जुळाऱ्यापुढील खिळ्यांचे घर किती विस्तारते आणि त्यामुळे मुद्रण किती मंदावते, हा प्रश्न संपादकाने आपला मानला होता. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे भारतीय लिप्यांसंबंधीचे कार्य आणि पुण्यातच विकसित झालेली 'श्रीलिपी' यांच्यामुळे देवनागरीच्या संगणकीय जुळणीतही या शहराचा वाटा मोठा राहिला. ज्या शहराला हा वारसा आहे, तेथील मराठीचे विद्यार्थी अक्षरजुळणीविषयी काहीही न शिकता पदवी घेऊन बाहेर पडतात.

साठोत्तरी साहित्याच्या अभ्यासकांना आणखी एक बाब स्मरत असेल. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात मुंबईत निघालेले 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित होते. त्यापुढील लघुअनियतकालिकांच्या चळवळीने रूढ मासिकांच्या अभिरुचीला जो धक्का दिला, तो जसा आशयाचा होता तसाच रूपाचाही होता. अरुण कोलटकर हे व्यवसायाने जाहिरातकलेतील नामांकित संकल्पनकार होते. १९७६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या कविमित्रांनी 'क्लिअरिंग हाउस' ही प्रकाशनसंस्था काढली, तेव्हा तिच्या पुस्तकांचे दृश्यरूप कोलटकरांनीच घडविले. र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार, जाहिरातकलेतील जाणकार आणि अध्यापकही होते. संगणकावर अनेक वर्षे सर्वत्र दिसणारा 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून 'दीपावली'च्या रूपाने चित्रकाराच्या दृष्टीचे नियतकालिक उभे केले. वाङ्मयेतिहासाच्या तासाला आपण या व्यक्तींचा उल्लेख करतो तो कवी म्हणून किंवा दिवाळी अंकांच्या संदर्भात ओझरता करतो. पानाची रचना ही त्यांच्या वाङ्मयीन कार्याचाच भाग होती, हे मात्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही.

'संकल्पना' म्हणजे नेमके काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. संकल्पना ही सजावटीहून वेगळी गोष्ट आहे. सजावट मजकूर हाती आल्यावर त्याच्याभोवती केली जाते. संकल्पना अंकाच्या आशयातून निघते आणि मजकुराच्या निवडीपासून शेवटच्या पानापर्यंत साऱ्याला एक सूत्र देते. उदाहरणादाखल १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरावरील एखादा विद्यार्थी-अंक कल्पावा. पेठांतील वृद्धांच्या आठवणी, त्या काळची पत्रे, नदीकाठच्या वस्त्यांतील आजचे अनुभव असा मजकूर विद्यार्थी गोळा करतील. मुखपृष्ठावर लाटांचे चित्र छापणे ही झाली सजावट. त्याऐवजी प्रत्येक पानावर ठरावीक उंचीवर एक बारीक आडवी रेघ, म्हणजे पाणी चढल्याची खूण, ठेवली तर? आठवणी त्या रेघेखाली आणि आजचे निवेदन रेघेवर छापता येईल. जेथे आठवण सांगणारा गप्प होतो, तेथे खालची जागा कोरी राहील. या कल्पनेला एका रंगाहून अधिक काही लागत नाही. परंतु ती सुचण्यासाठी मजकूर बारकाईने वाचावा लागतो, आणि हे वाचन शिकविणे हेच आपल्या विभागांचे काम आहे.

दुसरे उदाहरण ओवीचे घेऊ. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून चालविलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. अशा ओव्या वार्षिकांकात छापताना पान दोन स्तंभांचे केले, की लांब ओळ मध्येच मोडते आणि दोन ओळींची ओवी साडेतीन ओळींची होते. गाणारीचा श्वास कोठे थांबत होता, हे वाचकाला मग कळत नाही. मुक्तछंदातील कवितेचीही हीच अवस्था होते. ओळ कोठे तोडावी यावर कवयित्रीने रात्र घालविलेली असते आणि स्तंभाची रुंदी क्षणात तो निर्णय फिरविते. या मांडणीच्या चुका आहेत असे म्हणून भागणार नाही. येथे पाठच बदलतो, आणि पाठचिकित्सा शिकविणाऱ्या विभागाने तो आपल्याच अंकात बिघडू द्यावा, हे विसंगत आहे.

देवनागरीचे स्वतःचे काही धर्म आहेत, ते विद्यार्थ्याने जाणले पाहिजेत. वेलांट्या आणि मात्रा ओळीच्या वर, तर उकार आणि ऋकार खाली जात असल्यामुळे रोमन लिपीसाठी ठरविलेले ओळींमधील अंतर तिला अपुरे पडते. अक्षरांमध्ये अंतर वाढविले की शिरोरेषा तुटते. टंक कृत्रिमरीत्या जाड केला की लहान आकारात 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतील भेद पुसट होतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील फरक जो टंक दाखवू शकत नाही, तो डोंगरही बुडवितो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण म्हणून नोंदविली. तरीही आपल्या विभागांच्या अंकांत हिंदी वळणे सर्रास दिसतात, कारण ती संगणकात आधीपासून असतात. शिवाय जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर युनिकोडमध्ये नसल्यामुळे आज उघडला तर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. गेल्या तीन दशकांतील विद्यार्थी-लेखन संशोधकाला शोधता येत नाही, याचे हेही एक कारण आहे. लोकसाहित्य, बोली किंवा वाङ्मयीन नियतकालिके यांवर काम करणाऱ्यांना ही हानी किती मोठी आहे, हे सांगावयास नको.

आता ओळखीचा प्रश्न. पुण्यात वार्षिकांकांची नावे बहुधा संस्थेच्या किंवा संस्थापकांच्या नावावरून पडली आहेत. सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचा 'परशुरामीय' हे त्याचे परिचित उदाहरण. अशा नावांत पिढ्यांचे सातत्य असते, म्हणून ती टिकली पाहिजेत. परंतु नाव कायम ठेवून त्याचे अक्षरलेखन दरवर्षी विद्यार्थ्यांनी नव्याने करावे, त्यांच्या त्या वर्षीच्या विषयाला जुळेल असे करावे, यात कोणती अडचण आहे? आज पुण्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून विद्यार्थी येतात. खाणावळीचे आणि वसतिगृहाचे त्यांचे जग, त्यांची बोली, त्यांचे शब्द अंकात आले तर ते अवतरणचिन्हांत किंवा तिरप्या टंकात अडकवून परके करू नयेत. शब्दाला परका ठरविण्याचा हा निर्णयही दृश्यच असतो आणि वाचणाऱ्या मुलाला तो बरोबर कळतो. विद्यार्थ्यांची खरी ओळख घडते ती अशा निर्णयांतून.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला, हे काम कलामहाविद्यालयांचे आहे. रेखाटन आणि रंगज्ञान यांबाबत तो मान्य करावा लागेल, आणि म्हणूनच कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना संपादक मंडळात आरंभापासून घ्यावे. परंतु कोणत्या ओळीला किती जागा द्यावयाची, कोणती कविता एकटी एका पानावर ठेवावयाची आणि कोणत्या दोन लेखांना समोरासमोर बसवावयाचे, हा निर्णय मजकूर समजलेल्यानेच घेतला पाहिजे. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर चक्रमुद्रित 'शब्द'ने केव्हाच देऊन ठेवले आहे. आज खर्च वाढतो तो गुळगुळीत कागदावरील रंगीत छायाचित्रांमुळे. नेमकी संकल्पना बहुधा खर्च वाचविते.

काही सूचना मांडतो. संस्थेचा अहवाल स्वतंत्र पुस्तिकेत काढावा आणि वार्षिकांक विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी मोकळा ठेवावा. साहित्य मागविण्यापूर्वी विद्यार्थी-संपादकांनी एका पानाचे संकल्पना-टिपण लिहावे आणि त्यावर विभागात चर्चा व्हावी. मुद्रणापूर्वी हाताने केलेली डमी प्रत्येक लेखकाला दाखवावी. अंकात दोनच टंक वापरावेत. ते मराठी वळणाचे आणि युनिकोडमधील असावेत. श्रेयनामावलीत अक्षरलेखन व मांडणी करणाऱ्यांची नावे संपादकांच्या नावांसोबत असावीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक मिळू लागले आहेत. एखाद्या मुद्रणालयात किंवा प्रकाशनसंस्थेत महिनाभर बसून फर्म्याची जुळणी, मुद्रितशोधन आणि मांडणी शिकणारा मराठीचा विद्यार्थी या तरतुदीचा उत्तम उपयोग करील. मराठीच्या पदवीधराला अध्यापनाखेरीज वाट नाही, असे म्हणणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने ग्रंथ, कोश आणि हस्तलिखिते यांची चर्चा झाली, ती योग्यच होती. परंतु एखाद्या भाषेत पुढील पिढी लिहिणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्या पहिल्या मुद्रित पानावर ठरते. एकोणीस वर्षांच्या मुलीची पहिली कविता जाहिरातीखालच्या उरलेल्या जागेत, मोडलेल्या ओळींसह छापली गेली, तर तिला आपल्या शब्दांची किंमत त्या पानावरून कळते. तीच कविता समास राखून, तिच्या ओळींचा मान ठेवून छापली, तर ती दुसरी कविता लिहावयास बसण्याचा संभव अधिक. तो संभव वाढविणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी येत्या शैक्षणिक वर्षाच्या संपादक मंडळाच्या पहिल्या बैठकीची वाट पाहणेही आवश्यक नाही.