भटजी नको, पण दाखला हवाच!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

ता. 25 डिसेंबर 1873 रोजीं सत्यशोधक समाजानें भटजीवांचून पहिलें लग्न लावलें. त्या काळीं गांवचे जोशी हक्काच्या दक्षिणेसाठीं कोर्टाची पायरी चढत. 1926 सालीं मुंबई इलाख्यांत कायदा झाला आणि न बोलावलेल्या भटजीचा तो हक्क संपला. आज कोणीहि आपल्या मुलीचें लग्न भावकींतल्या वडीलधाऱ्या माणसाकडून, वधूवरांच्या शपथेनें व हार घालून लावूं शकतो. ही लढाई आपण जिंकली. परंतु लग्न लागणें निराळें आणि तें कोर्टांत टिकणें निराळें, याकडे आपलें लक्ष गेलें नाहीं.

1955 सालच्या हिंदु विवाह कायद्याचें सातवें कलम पाहा. त्यांत भटजी पाहिजे असें म्हटलेलें नाहीं. पण वधू किंवा वर यांच्यापैकीं एकाच्या रूढीप्रमाणें विधि झाले पाहिजेत, असें आहे. आतां शपथ व हार एवढेंच ज्या लग्नांत झालें, तें रूढीप्रमाणें झालें हें सिद्ध कोणी करावयाचें? ज्याला त्या लग्नाचा हक्क मागावयाचा त्यानें; म्हणजे बहुधा बाईनें. तमिळनाडूंत पेरियारांच्या अनुयायांचीं स्वाभिमानी लग्नें पक्कीं व्हावींत म्हणून अण्णादुराई यांच्या सरकारनें 1967 सालीं या कायद्यांत स्वतंत्र कलम घातलें. ज्योतीरावांच्या महाराष्ट्रांत तसें कलम नाहीं !

याचा परिणाम ऐका. बायको हयात असतां दुसरें लग्न केल्याबद्दल महाराष्ट्रांतील एका नवऱ्यावर खटला झाला. दुसरें लग्न गांधर्व पद्धतीचें होतें. आवश्यक विधि झाल्याचें सिद्ध नाहीं, सबब हें कायद्याचें लग्नच नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें 1965 सालीं म्हटलें आणि नवरा सुटला. पहिलीला न्याय नाहीं, दुसरीला नांव नाहीं. उद्यां एखादीचा नवरा मेला आणि "ही आमच्या भावाची लग्नाची बायको नव्हे" म्हणून दिरानें सातबाऱ्यावर तिचें नांव चढूं दिलें नाहीं, तर फोटो आणि आहेराची यादी घेऊन ती कोणाच्या दारीं जाईल?

कोणी म्हणतील, ग्रामपंचायतींत नोंद केली कीं झालें. नोंद जरूर करावी. पण विधि झालाच नसेल तर नुसत्या नोंदीनें लग्न होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 2024 सालीं स्पष्ट सांगितलें आहे.

उपाय आहे तो 1954 सालच्या विशेष विवाह कायद्यांत. येथें लग्न लावणारा सरकारी विवाह अधिकारी. मंत्र नाहीं, मुहूर्त नाहीं. दोघांपैकीं एक जण ज्या जिल्ह्यांत निदान 30 दिवस राहिला असेल, तेथील अधिकाऱ्यास दोघांनीं नोटीस द्यावी. वरास 21 व वधूस 18 वर्षें पुरीं असावींत. नोटीस कचेरींत लागते. 30 दिवसांत कायदेशीर हरकत आली नाहीं किंवा टिकली नाहीं, तर तीन साक्षीदारांसमोर, आपल्याला समजणाऱ्या भाषेंत, दोघांनीं एकमेकांचा स्वीकार बोलून दाखवावा. सह्या झाल्या कीं दाखला. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आंत लग्न न झाल्यास पुन्हां नोटीस द्यावी लागते. म्हणून मांडवाच्या तारखेआधीं नोटिशीची तारीख धरा. जादा फी भरल्यास अधिकारी कचेरीबाहेर, वाजवी अंतरावर येऊनहि लग्न लावूं शकतो.

दोन शंका नेहमीं निघतात. पहिली जमिनीची : या लग्नानें मुलगा एकत्र कुटुंबांतून फुटतो व वारसा बदलतो, अशी. पूर्वीं ती भीति खरी होती. 1976 सालच्या दुरुस्तीनंतर, दोघेहि हिंदु, बौद्ध, शीख किंवा जैन असल्यास तसें होत नाहीं. दुसरी नात्याची : मामाची व आत्याची मुलगी या कायद्याच्या मनाईच्या यादींत आहे. रूढीची सूट आहे, पण सरकारनें गॅझेटांत जाहीर केलेल्या रूढीलाच. अशा घरांनीं आधीं वकिलास विचारावें.

भटजीच्या पाटावर साहेब बसविला, असें कोणी हिणवील. पण भटजी जन्माच्या हक्कानें येतो आणि दक्षिणा घेऊन जातो. हा अधिकारी कायद्यानें येतो आणि मुलीच्या हातीं दाखला ठेवून जातो. हा फरक लहान नव्हे. सत्यशोधक पद्धत सोडा, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. सकाळीं अधिकाऱ्यासमोर सह्या करा आणि दुपारीं आपल्या मांडवांत, आपल्या माणसांसमोर शपथ घ्या.

आणि आपल्या आमदारांना एक विचारा : तमिळनाडूला जें 1967 सालीं साधलें, तें फुले यांचें नांव उठतां-बसतां घेणाऱ्या या राज्याला अजून कां साधलें नाहीं? तें कलम होईतोंपर्यंत, बापांनो, मुलीला दागिना एक कमी घाला; पण दाखल्यावांचून तिची पाठवणी करूं नका.

— एक खेड्यांतील शिक्षक