घाटांतली हांक

पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस त्याचें वर्णन नको. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास दरी, आणि पावसाळ्यांत दोहोंवर धुकें. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांतील मंडळींची सहलीची बस याच घाटांत दरींत कोसळली. एक गृहस्थ तेवढे वांचले. त्या अपघाताची मीमांसा करण्याचा माझा हेतु नाहीं. पण तेव्हांपासून घाटाचें नांव निघालें, कीं आमच्या महाडांत घरोघरीं जीव खालींवर होतो. आणि जीव खालींवर झाला म्हणजे आपण काय करतों? फोन करतों!

गेल्या पावसाळ्यांत मींही तेंच केलें. पुतण्या सूनबाईस व मुलांस घेऊन वाईहून महाडास निघाला होता. तिन्हीसांजा झाल्या, पाऊस थांबेना. मीं फोन लावला. त्यानें तो तत्काळ घेतला.

"कोठवर आलास?"

"घाट उतरतों आहें, काका."

इतक्यांत सूनबाईची किंकाळी ऐकूं आली, आणि पुढें कांहींच नाहीं. नंतरचीं दहा मिनिटें कशीं गेलीं तें लिहीत नाहीं. वळणावर समोरून मोठी गाडी आली होती. याची गाडी कठड्यास घांसून थांबली, इतकेंच.

रात्रीं मी त्याच्यावर रागावलों. "गाडी चालवितांना फोन घेतलासच कशाला?"

मान खालीं घालून तो म्हणाला, "तुमचा होता म्हणून."

यावर मला बोलतां येईना. वडील माणसानें हांक मारली कीं हातचें काम टाकून ओ द्यावी, हें त्याला लहानपणीं आम्हींच शिकविलें. ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते. माझ्या प्रश्नाला उत्तर देईपर्यंत ती वळण गांठते. हात मोकळे ठेवून बोललें म्हणून भागत नाहीं. मन बोलणाऱ्याकडे गेलें, कीं उघड्या डोळ्यांनाहि समोरचें दिसत नाहीं. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन, हातांत फोन घेऊन गाडी हांकणें धोकादायक चालविण्यांत गणलें गेलें. शिक्षा अर्थातच चालविणाऱ्यास. घरीं बसून फोन करणाऱ्या काकांस नव्हे.

आमची आजी सांगे, रात्रीं रानांतून हांक आली तर तीनदां ऐकल्याशिवाय ओ देऊं नये. आम्ही हंसत असूं.

परवां पुतण्या पुन्हां त्याच वाटेनें आला. घाट उतरल्यावर, पोलादपुरास गाडी उभी करून त्यानें आपण होऊन फोन केला. तोंवर माझा फोन वहिनींच्या स्वाधीन होता. त्यांनीं तो तांदुळाच्या डब्यांत पुरून ठेवला होता.