डोळ्याचं प्रेशर आणि बाबांची रात्रीची गोळी



मागच्या वेळी मोतीबिंदूवर लिहिलं, तेव्हा एका वाचक मुलीने विचारलं, "माझ्या बाबांना काचबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना बीपीची गोळी सकाळी घेता की रात्री, असं विचारलं. डोळ्याचा आणि त्या गोळीचा काय संबंध?" प्रश्न इतका नेमका आहे की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते.

आधी एक घोळ दूर करू. डोळ्याचं प्रेशर आणि बीपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखान्यात हमखास कुणीतरी म्हणतं, "माझं बीपी छान आहे, म्हणजे डोळ्याचंही ठीकच असणार." तसं नसतं. डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो, मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलिटर. तितकाच द्रव बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडून रक्तात मिसळतो. ही वाट अडली की डोळा आतून कडक होतो. बहुतेकांचा हा दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या दरम्यान असतो.

पण डोळ्याला रक्तही लागतं, आणि त्या रक्ताला हा दाब सोसूनच आत शिरावं लागतं. सायकलच्या ट्यूबमध्ये आधीच हवा गच्च असली की पंप मारायला जोर लागतो, तसंच हे. जोर किती उरतो याचा एक ढोबळ हिशेब आहे. बीपी 120/80 असेल तर सरासरी दाब साधारण 93. बसलेल्या माणसाचा डोळा हृदयाच्या वर असतो, म्हणून तिथे यातला दोन तृतीयांश, म्हणजे 62 पोचतो असं धरतात. डोळ्याचं प्रेशर 15 असेल तर 62 वजा 15, उरले 47. रक्त आत ढकलणारा खरा जोर हा.

आता डोळ्याचं प्रेशर 30 करा. उरतात 32.

पुन्हा प्रेशर 15 वरच ठेवा, पण बीपी 90/60 करा. सरासरी 70, त्याचे दोन तृतीयांश साधारण 47, वजा 15. उत्तर परत 32! डोळ्यातला दाब वाढला काय किंवा बाहेरून येणाऱ्या रक्ताचा जोर घटला काय, डोळ्याच्या नसेला दोन्ही सारखंच. नर्मदेच्या नळाला जोर नसला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको.

निरोगी डोळा यावर मात करतो. दाब खालीवर झाला तरी त्याच्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण करून प्रवाह सांभाळून घेतात. काचबिंदूच्या अनेक रुग्णांत ही सांभाळून घेण्याची ताकद कमी पडते. डोळ्याच्या मागच्या बाजूला एका चाळणीसारख्या पडद्यातून नसेचे 10 ते 12 लाख तंतू बाहेर पडतात. दाबाने ही चाळणी वाकते, तंतू चिमटतात आणि त्यांचं रक्तही कमी होतं. तंतू दाबाने मरतात की रक्ताच्या तुटवड्याने, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. मला विचाराल तर दोन्ही मिळून घात करतात. डॉ. सोहनसिंग हयरेह या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात या नसेच्या रक्तपुरवठ्यावर आयुष्यभर काम केलं. रात्री झोपेत उतरणाऱ्या बीपीकडे नेत्रतज्ज्ञांचं लक्ष वेधलं तेही मुख्यतः त्यांनीच, 1990 च्या दशकात.

आता बाबांच्या गोळीकडे येते. झोपेत बीपी 10 ते 20 टक्के उतरतं, हे स्वाभाविक आहे. आडवं झाल्यावर डोळ्याचं प्रेशर मात्र थोडं वाढतं. म्हणजे एकीकडे जोर घटतो आणि दुसरीकडे अडथळा वाढतो. त्यात झोपताना बीपीची गोळी घेतली, तर काहींचं बीपी पहाटेपर्यंत फारच खाली जातं. प्रेशर औषधाने 14-15 वर आणलेलं आहे, तपासणीत सगळं छान दिसतं, तरी नजरेचा परीघ आक्रसतच चालला आहे, अशा रुग्णाला मी हा प्रश्न विचारतेच. गरज पडली तर चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र लावायला सांगते.

हे वाचून कुणी गोळी बंद करू नका, वेळही परस्पर बदलू नका. वाढलेलं बीपी मेंदूला आणि हृदयाला महागात पडतं. वेळ बदलायची का, हे फिजिशियन ठरवतील. त्यांना काचबिंदू आहे हे कळलं पाहिजे, एवढंच. आपल्या घरांत दोन डॉक्टरांच्या दोन फायली असतात आणि त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. ते काम तुम्हा मुलांचं.

आणखी दोन गोष्टी, कारण आपल्याकडे त्या घरोघरी चालतात. चेन्नईत योग करणाऱ्यांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट झालेलं आढळलं. काचबिंदू असलेल्या काकांनी ते सोडलेलं बरं. बाकी योग, चालणं खुशाल करावं. दुसरं उषःपान. एका दमात लिटरभर पाणी प्यायल्याने प्रेशर काही वेळ चढतं. तेच पाणी थोडं थोडं प्यावं.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र अचानक येतो. प्रेशर 50-60 वर जातं. वरचा हिशेब पुन्हा करा: 62 वजा 60. डोळा लाल, असह्य ठणका, दिव्याभोवती रंगीत वलयं, आणि उलट्या. उलट्यांमुळे घरचे पित्त समजून सोडा देत बसतात. ती रात्र वाट पाहायची नसते, लगेच दवाखाना गाठायचा.

नेहमीचा काचबिंदू मात्र दुखत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू सापडला, त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना तो आहे हे आधी ठाऊकच नव्हतं. आई-वडिलांना किंवा भावंडाला असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. तेव्हा पत्र पाठवणाऱ्या मुलीला माझं उत्तर असं: बाबांना पुढच्या वेळी घेऊन जाशील तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाक, कोणती केव्हा घेतात तेही लिहून ने. आणि स्वतःचा केसपेपर काढ. नुसता चष्म्याचा नंबर नको. प्रेशर मोजून घे, आणि बाहुली मोठी करून मागची नस बघायला सांग.