नाव कोणाचे आणि हमी कोणाची?

केक, पाव, नानकटाई घरीच भाजण्याची हौस अलीकडे घरोघर शिरली आहे, आणि हौसेच्या पाठोपाठ खरेदीचा प्रश्न येतोच. विजेची भट्टी, जिला सर्वजण ओव्हन म्हणतात, ती नामांकित कंपनीचीच घ्यावी काय, असे आम्हांस वरचेवर विचारण्यात येते. प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु एकत्र कुटुंबात तो किरकोळ राहत नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, "घ्यायचे तर नावाजलेले घ्या, नाहीतर घेऊच नका." सुनेने मात्र चार घरांतून केकच्या मागण्या मिळवून पै-पै साठविलेली असते, आणि नावाची किंमत भरण्याइतकी ती शिल्लक पुरत नाही. अशा वेळी एका शब्दापायी तिचा उद्योग वर्षभर लांबणीवर पडतो. म्हणून या शब्दाचे मोल किती, हे शांतपणे पाहणे आवश्यक झाले आहे.

पूर्वी मुंबईत नानकटाई घरी वळून, पत्र्याच्या ताटांत मांडून, गल्लीतल्या बेकरीत भाजून आणण्याची चाल होती. ज्यांस बेकरी जवळ नव्हती, ते वाळूवर पातेले ठेवून झाकणावर निखारे पसरीत. त्या भट्टीवर कोणाचेही नाव कोरलेले नसे; पण भट्टीवाला ओळखीचा असे. नानकटाई करपली तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशी गाठ होती, व हे त्यासही ठाऊक होते. आज वस्तू करणारा माणूस आपणांस दिसत नाही, विकणाराही पुष्कळदा दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या माणसाच्या जागी जे उभे राहते, ते कंपनीचे नाव. तेव्हा नाव पाहावे की पाहू नये, हा खरा प्रश्न नव्हेच. त्या नावामागे जाब देणारा कोणी उभा आहे काय, हा खरा प्रश्न होय.

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द हे प्रमाण खरे, पण कोणाचाही शब्द नव्हे. ज्यास विषय ठाऊक आहे व जो तो यथार्थ सांगतो, अशा आप्ताचाच. कंपनीचे नाव हे शब्दप्रमाणाच्या जातीचे आहे. जेथे आपले डोळे व हात पोचतात तेथे या प्रमाणाची गरज नाही. जेथे पोचत नाहीत तेथे आहे, परंतु तेथेही बोलणारा आप्त आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

नाव बदलून वस्तू तीच राहते, याचा अनुभव आम्हां शीव कोळीवाडकरांस आहे. आमच्या स्टेशनावरील 'कोळीवाडा' ही पाटी जाऊन 'गुरु तेग बहादूर नगर' अशी पाटी आली. स्टेशन होते तेथेच राहिले. व्यापारात याच्या उलटही घडते. नाव तेच राहते आणि वस्तू बदलते. पायरेक्स या काचभांड्यांचेच पाहा. १९१५ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने बोरोसिलिकेट काचेची ही भांडी बाजारात आणली. ही काच तापली असता फार थोडी फुगते, म्हणून भट्टीत टिकते. पुढे अमेरिकेत याच नावाने साधी सोडा-चुन्याची काच विशेष रीतीने तापवून व निववून विकली जाऊ लागली, तर युरोपात त्याच नावाखाली बोरोसिलिकेट काच चालू राहिली. म्हणजे परदेशातून कोणी 'पायरेक्स' पाठविले, तर काच कोणती हे नुसत्या नावावरून कळत नाही. भांड्यावरील मजकूरच वाचला पाहिजे.

आपल्याकडे १९६२ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या बोरोसिल कंपनीचे नाव त्या काचेवरूनच पडले आहे. पण आता तेच नाव विजेच्या ओव्हनवरही असते. ओव्हन चांगला असेल. परंतु काचेत मिळविलेली कीर्ती ही विजेच्या यंत्राची परीक्षा होऊ शकत नाही. मॉर्फी रिचर्ड्स हे नाव १९३६ सालचे, इंग्लंडातले. हिंदुस्थानात मात्र ते बजाज इलेक्ट्रिकल्सने परवान्याने घेतले. अशा वेळी दुरुस्तीसाठी इंग्लंडाकडे पाहून उपयोग नाही, परवानेदाराकडेच जावे लागते. आणि औरंगाबादेहून सर्व देशभर गाजलेल्या व्हिडिओकॉनवर २०१८ साली दिवाळखोरीच्या कायद्याची कारवाई सुरू झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. मोठे नाव म्हणजे चिरंतन नाव नव्हे.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. व्यापारचिन्ह वस्तू कोणाची हे सांगते. मानकचिन्ह वस्तू कशी हे सांगते. भारतीय मानक संस्था १९४७ साली निघाली, आणि १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. तिचे काम १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो पाहतो. जनमानसात मात्र 'आयएसआय' हेच नाव टिकले आहे. त्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली परवान्याचा क्रमांक असतो. हा परवाना खरा की खोटा, हे ब्यूरोच्या मोबाइलवरील 'बीआयएस केअर' या साधनातून घरबसल्या पडताळता येते. नुसते चिन्ह पाहून समाधान मानू नये. चिन्ह छापणे सोपे असते.

आता खरेदीच्या वस्तूंचे दोन वर्ग करू. पहिल्या वर्गात केकचे साचे, भाजण्याची ताटे, मापाचे पेले व चमचे आणि तराजू. यांची परीक्षा प्रत्यक्ष होते, म्हणून येथे नावासाठी जादा पैसा देणे आम्हांस अनाठायी वाटते. क्रॉफर्ड मार्केटात किंवा तांबाकाट्यावर मिळणारा बिननावाचा अॅल्युमिनियमचा साचा जाड, सपाट व सांध्यांत घट्ट असेल तर तो उत्तम काम देतो. पातळ पत्रा तळाशी करपवितो. काळा साचा उष्णता अधिक शोषतो, म्हणून त्यात केकची कड लवकर लाल होते. तराजूची परीक्षा अशी: वाण्याच्या सरकारी शिक्क्याच्या काट्यावर एखादी वस्तू तोलून घ्यावी व तीच घरी तोलावी. तराजू खरा ठरला की त्यावर मापे तपासावीत. मोठ्या चमच्यात १५ ग्रॅम पाणी मावावे, लहानात ५ ग्रॅम आणि २४० मिलिलिटरच्या पेल्यात २४० ग्रॅम. इतके जमले की चमच्यावर कोणाचे नाव आहे हे विचारण्याचे कारण उरत नाही. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापावर पिढ्या शिकविल्या. वाटी कोणत्या कंपनीची हे कोणीही विचारले नाही, वाटी एकच धरावी एवढेच पथ्य होते.

दुसऱ्या वर्गात ओव्हन. त्याच्या आत तापणारी कांब, उष्णता राखणारा नियंत्रक व तारांवरील आवरण असते. ते आपणांस दिसत नाही. येथे शब्दप्रमाणाचा आश्रय घ्यावा लागतो, आणि येथे नावाजलेल्या कंपनीस काही अधिक रक्कम देणे योग्य होय. मात्र ती रक्कम नावाबद्दल नसून जबाबदारीबद्दल आहे, हे ओळखून दुकानात तीन प्रश्न विचारावेत. दुरुस्तीचे केंद्र मुंबईत कोठे आहे? कांब व नियंत्रक सुटे मिळतात काय, व काय दराने? हमी किती वर्षांची आणि तीत काय वगळले आहे? ज्या दुकानदारास याची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडील नाव कितीही मोठे असो, ते नुसते अक्षर समजावे. बिल जपून ठेवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल करणारा व विकणारा यांस जबाबदार धरता येते, व तक्रार आपण राहतो तेथील आयोगाकडे करता येते.

परंतु नावाच्या मोहात एक मोठी गोष्ट विसरली जाते. आमच्या ओळखीच्या एका घरी सुनेने केकच्या मागण्या घेण्यास आरंभ केला. वडिलांच्या आग्रहाखातर सर्व शिल्लक खर्चून बडे नाव घरी आणले. भिंतीतील वायरिंगसाठी पैसा उरला नाही. जाड पिनांचा प्लग जोडणीचा तुकडा लावून दिव्या-पंख्याच्या लहान सॉकेटात बसविला. तिसऱ्या आठवड्यात सॉकेट वितळले, भिंत काळवंडली, आणि सुदैवाने तेवढ्यावरच निभावले. गणित शाळकरी आहे. आपली वीज २३० व्होल्टची. लहान सॉकेट ६ अँपिअरचे, म्हणजे त्याची मर्यादा १३८० वॅट. १६०० वॅटचा ओव्हन सुमारे ७ अँपिअर ओढतो. त्यास १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, योग्य जाडीची तार व चांगले अर्थिंग हवेच. बेस्टची वीज मीटरपर्यंत येते. पुढील तारांची काळजी घरमालकाची. जुन्या इमारतींतून हा खर्च आधी धरावा आणि उरेल त्यात ओव्हन घ्यावा. कोणतेही नाव वितळत्या तारेस थोपवीत नाही.

ओव्हनबरोबर आत ठेवावयाचा एक लहानसा तापमापक घ्यावा. बटणावर १८० लिहिलेले असले तरी आत २० अंशांचा फरक पडणे नवलाचे नाही, आणि हा फरक नामांकित यंत्रांतही आढळतो. त्यायोगे शब्दाची परीक्षा प्रत्यक्षाने करता येते, व ज्ञानाचा हाच सरळ मार्ग होय.

असो. व्याह्यांस दाखविण्यासाठी घेतलेले नाव हे अलंकारात मोडते. त्याचा खर्च अलंकारांच्या खात्यात घालावा, उद्योगाच्या खात्यात घालू नये. आणि वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती: पैसा जिचा व श्रम जिचे, निवडही तिचीच असू द्यावी. आपण तिच्याबरोबर दुकानात जावे, वर सांगितलेले तीन प्रश्न विचारण्यास तिला धीर द्यावा, आणि घरचे सॉकेट आपण स्वतः बदलून घ्यावे.