वेगाला वेसण हवी

शंकरपट खानदेशाला व त्याच्या शेजारच्या वऱ्हाडाला नवा नाही. सरळ पट, मोजकी सेकंदे आणि दुतर्फा श्वास रोखून उभा राहिलेला गाव! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो वैध ठरविला. या नऊ वर्षांत लोकांची हौस मेली नाही. मात्र जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि पशुवैद्यकाची तपासणी यांची वेसण तिला घातली गेली, आणि ते योग्यच झाले.

या शंकरपटाचे यांत्रिक भावंड म्हणजे ड्रॅग रेस. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांचे अंतर जी आधी कापील ती जिंकते. वळण नाही, की घाट नाही. अशा गाडीच्या इंजिनाला टर्बोचार्जर बसवून अधिक हवा कोंबतात, इंधनाचे गणित नव्याने मांडतात, अनावश्यक वजन काढून टाकतात. पुणे जिल्ह्यात अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. जळगाव-धुळ्याच्या तरुणाला मात्र असा पट जवळपास नाही. त्याला आहे तो सर्वांचा रस्ता.

आणि येथेच आमच्या चिंतेचा आरंभ होतो. २०२४ च्या मे महिन्यात जळगावजवळ रामदेववाडी येथे भरधाव मोटारीच्या धडकेने एक माता आणि तीन मुले असे चार जीव गेले. त्या वेळी मोटारींची चढाओढ चालली होती, असा आरोप झाला. त्याचा निवाडा न्यायालयाचा आहे, आमचा नव्हे. परंतु ज्यांचा कोणत्याही शर्यतीशी काडीचा संबंध नाही, त्यांनीच दुसऱ्याच्या वेगाची किंमत प्राणांनी मोजावी, हे कोणत्या न्यायात बसते?

कायदा मुका नाही. राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत लावणाऱ्यास मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ घडणीशी विसंगत फेरफार करण्यास ५२ वे कलम आडवे येते. परंतु कर्कश सायलेन्सर काढून घेऊन रोडरोलरखाली चिरडले, छायाचित्र छापून आले, की कर्तव्य संपले असे आपण समजतो. सायलेन्सर चिरडता येतो. हौस चिरडता येत नाही. ती रात्री आडरस्त्याला जाते.

अमेरिकेत हेच घडले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण जुन्या गाड्या सुधारून रस्त्यांवर पळवू लागले. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली, ती या वेड्या वेगाला रस्त्यावरून उचलून नियमांच्या पट्टीवर आणण्यासाठी. १९५५ साली तिची पहिली राष्ट्रीय शर्यत कॅन्सस राज्यात एका धावपट्टीवर भरली. नियमांनी मृत्यू संपला असे मात्र नव्हे. २००८ साली एका नामांकित चालकाचा पट्टीवरच अंत झाला, तेव्हा सर्वांत वेगवान गाड्यांचे अंतर एक हजार फुटांवर आणले गेले. चूक घडताच नियम बदलणारी संस्था तेथे होती, हेच महत्त्वाचे.

श्रीमंतांच्या पोरांच्या चैनीसाठी दुष्काळी जिल्ह्याने पैसा का ओतावा, असे कोणी विचारील. सरकारी तिजोरीतून छदामही नको, असेच आमचे म्हणणे आहे. सरकारने द्यावी ती लेखी संमती आणि करावी ती देखरेख. खर्च आयोजकांनी व स्पर्धकांनी सोसावा. पाव मैलाच्या पुढे गाडी थांबण्यास पुरेशी मोकळी जागा, प्रेक्षकांपुढे भक्कम कठडे, रुग्णवाहिका, अग्निशामक दल, शिरस्त्राण आणि राष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाची मान्यता, एवढे असल्यावाचून दिवा हिरवा होऊ नये. शर्यतीची गाडी रस्त्यावरून न चालविता दुसऱ्या वाहनावर लादूनच न्यावी. आणि पट उपलब्ध झाल्यावरही जो महामार्गावर शर्यत लावील, त्याची गय होता कामा नये, मग त्याचे वडील कोणीही असोत.

यात आणखी एक लाभ आहे. इंजिन उकलून पुन्हा जोडणारे हात आमच्या गॅरेजांत आहेत. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या कारागिराची आणि विद्यार्थ्याची गाठ अशा पटावर पडेल. आज जे कसब चोरून वापरले जाते, ते उद्या उजळ माथ्याने वापरले जाईल.

वेसण घातल्याने बैल दुबळा होत नाही. तो कामाचा होतो. खानदेशच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, पोलिसांनी आणि या हौशी तरुणांनी एकत्र बसून ते आता मोटारीच्या बाबतीतही ध्यानी घ्यावे. रामदेववाडीनंतर आणखी एका गावाचे नाव आम्हांस या स्तंभात लिहावे लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.